घरातली बातमी आधी कोणाला सांगायची? फॅमिली ग्रुपवरचे रुसवे, फुटलेल्या बातम्या आणि कायदा

समजा, जुळे सोलापुरातलं एक घर आहे. पहाटे आजोबांच्या छातीत दुखायला लागतं. मोठा मुलगा त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेतो. बाहेरच्या बाकड्यावर बसून तो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ टाकतो, 'बाबांना अ‍ॅडमिट केलंय.'

दहा मिनिटांत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागते. पुण्यातला भाऊ फोनवर फोन लावतो. हैदराबादचा मामेभाऊ रिपोर्टचा फोटो मागतो. कोणीतरी तो मेसेज उचलून समाजाच्या मोठ्या ग्रुपवर टाकतं. आणि अक्कलकोटला राहणारी आजोबांची सख्खी बहीण, जिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, तिला दुपारी शेजारणीकडून कळतं. तेही 'तुमचे भाऊ गेले म्हणे' असं.

आजोबा चार दिवसांनी चालत घरी येतात. आत्याबाई मात्र पुढे वर्षभर एकच वाक्य ऐकवतात, "मला परक्यासारखं कळलं."

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण पात्रांची नावं बदलली तर तो बहुतेकांना आपल्याच घरातला वाटेल. साखरपुडा ठरला, गोड बातमी आली, नोकरी गेली, सोयरीक मोडली, कोणी आजारी पडलं. यातलं काय सांगायचं, कोणाला आधी सांगायचं आणि कोणी सांगायचं, यावरून आज घराघरांत रुसवे होतात. काही वेळा प्रकरण रुसव्यावर थांबत नाही. बातमी ज्या व्यक्तीची आहे, तिलाच त्याची किंमत मोजावी लागते.

घरातल्या बातमीचे जुने नियम काय होते, व्हॉट्सअ‍ॅपनं ते कसे मोडले आणि कायदा यात कुठे येतो, हे समजून घेऊया.

बातमी कळवण्याची जुनी रीत काय होती?

फोन नव्हते तेव्हा गावाकडे 'सांगावा' धाडला जायचा. कोणीतरी माणूस सायकलवर किंवा एसटीनं निघायचा आणि भावकीत, सोयऱ्यांकडे तोंडी निरोप द्यायचा. सांगावा कोणाकडे आधी जाणार, हे ठरलेलं असायचं. मयताची बातमी असेल तर आधी लेकी आणि बहिणी, कारण त्या आल्याशिवाय पुढचं होत नसे. लग्न असेल तर पहिली पत्रिका ग्रामदैवताला, मग मामाला, मग वडीलधाऱ्यांना. सोलापूरकरांसाठी हे ग्रामदैवत म्हणजे सिद्धेश्वर. घराचं कुलदैवत तुळजाभवानी असेल तर एक पत्रिका तुळजापूरलाही जाते. ही पद्धत आजही टिकून आहे.

नंतर पोस्टकार्ड आलं. भारतात पहिलं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी निघालं आणि त्याची किंमत पाव आणा होती. आजही ते ५० पैशांना मिळतं. या उघड्या कार्डावर पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही मजकूर वाचू शकत असे. म्हणून लोकांनी त्यासाठी खुणा ठरवल्या. कार्डाला हळद-कुंकू लागलेलं असेल तर शुभवार्ता. कोपरा फाडलेला असेल तर मृत्यूची बातमी. असं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. म्हणजे अक्षर वाचण्याआधीच माणसाला कळायचं की बसून वाचावं, की उभ्या उभ्या कोणाला तरी हाक मारावी.

तार त्याहून वेगवान होती. पण दारात तारवाला दिसला की अनेक घरांत आधी रडारड सुरू व्हायची, तार नंतर उघडली जायची. भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

यामागे एक व्यवहारही होता. बातमी कळली की जबाबदारी सुरू व्हायची. जन्माचं सोयर आणि मृत्यूचं सुतक भावकीला लागतं. मृत्यू कधी झाला याइतकंच तो कधी 'कळला' यालाही रूढीत महत्त्व आहे. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं तर सुतक कमी दिवसांचं धरतात. त्यामुळे घरात लग्न तोंडावर असेल तर दूरच्या भावकीतल्या मयताची बातमी एखादे आजोबा दोन दिवस स्वतःपाशीच ठेवायचे. लग्न पार पडलं की मग सांगायचे. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. बातमी कधी सांगायची, हे ठरवण्याचा मान त्यांचा आहे, असं सगळे धरून चालत.

थोडक्यात, घरातल्या बातमीला तीन गोष्टी होत्या. क्रम, वेळ आणि सांगणारा माणूस.

सोलापुरात हा प्रश्न जास्त का जाणवतो?

सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा बोलणारं शहर आहे. विणकामासाठी आजच्या तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं इथे पिढ्यान् पिढ्या राहतात. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यानं विजयपूर आणि कलबुर्गीकडच्या सोयरिकी नेहमीच्या. म्हणजे एकाच घराचे नातेवाईक तीन राज्यांत पसरलेले.

त्यात गिरण्यांची कहाणी आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली 'जुनी मिल' आणि नंतर आलेल्या गिरण्यांनी या शहराला कामगारांचं शहर बनवलं. पुढे या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रमाग आणि विडी उद्योगानं अनेक घरं सावरली, पण शिकलेली पुढची पिढी पुण्या-मुंबईकडे, हैदराबाद-बंगळूरुकडे गेली. आठवड्याच्या शेवटी हुतात्मा एक्स्प्रेसला होणारी गर्दी ही याच स्थलांतराची खूण आहे. आई-वडील सोलापुरात आणि मुलं बाहेर, अशी कितीतरी घरं आहेत.

अशा कुटुंबांना फॅमिली ग्रुप मोठा आधार वाटतो आणि तो खराच आधार आहे. पूर्वी दिवाळीला किंवा गड्ड्याच्या यात्रेला भेटणारी भावंडं आता रोज बोलतात. भाषेची अडचणही ग्रुपनं सोडवली. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलायची, पण शाळा मराठी माध्यमाची झालेली, त्यामुळे घरच्या भाषेची लिपी वाचता येत नाही, असे लोक इथे आहेत. त्यांच्यासाठी व्हॉइस नोट हेच पत्र आहे.

पण जितकं कुटुंब पसरलेलं, तितकी बातमी समोर बसून सांगण्याची संधी कमी. ज्यांना ती प्रत्यक्ष सांगायची, ती माणसं शेजारच्या पेठेत नाहीत, दुसऱ्या राज्यात आहेत. मग सगळ्यांना एकदम कळवणं हाच सोपा मार्ग उरतो.

व्हॉट्सअ‍ॅपनं नेमकं काय बदललं?

पहिला बदल म्हणजे क्रम संपला. ग्रुपवर सख्खा भाऊ आणि चुलत चुलत्याचा जावई एकाच क्षणी, एकाच ओळीत वाचतात. सांगणाऱ्याला हे सोयीचं वाटतं, कारण तीस फोन वाचतात. पण ऐकणाऱ्या जवळच्या माणसाला ते खटकतं. 'आम्हाला वेगळं कळवलंसुद्धा नाही' या तक्रारीचा अर्थ माहिती मिळाली नाही असा नसतो. आपली जागा खाली सरकली, असा असतो.

दुसरा बदल म्हणजे 'मला माहीत नव्हतं' म्हणण्याची सोय गेली. निळ्या टिका २०१४ मध्ये आल्या. मेसेज कोणी वाचला आणि किती वाजता, हे आता दिसतं. वाचून उत्तर दिलं नाही तर तोही एक निरोप ठरतो. मृत्यूची बातमी दोन दिवस स्वतःपाशी ठेवणारे आजोबा आज ग्रुपमध्ये असते, तर त्यांना ती ठेवताच आली नसती. त्यांच्या आधी नातवानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं असतं.

तिसरा आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे बातमी घराबाहेर जाणं एका बोटावर आलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसू शकतात. 'फॅमिली' नावाच्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, हे बऱ्याचदा अ‍ॅडमिनलाही आठवत नाही. सोयरीक जुळताना घेतलेला माणूस सोयरीक मोडल्यावरही ग्रुपमध्येच राहतो. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मधल्या वाटेत कोणी ते वाचू शकत नाही. पण ज्याच्या हातात तो पोहोचला, त्यानं स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला तर कोणतंही एन्क्रिप्शन कामाला येत नाही. घरातली बातमी फुटते ती घरातल्याच फोनमधून.

आपल्या माणसाकडून आलेला मेसेज आपण तपासत नाही, हीसुद्धा याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. त्याचं भीषण रूप महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार केलं. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या या माणसांमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातल्या खवे गावचे लोक होते. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून, ओळखीच्या माणसांच्या ग्रुपमधूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

बातमी नेमकी कोणाची?

घरगुती बातम्यांचे वाद वरवर मानपानाचे दिसतात. पण जरा खोलात गेलं की प्रश्न असा निघतो की बातमीचा मालक कोण?

गरोदरपणाची बातमी घ्या. पहिले तीन महिने कोणाला सांगायचं नाही, हा आपल्याकडचा जुना संकेत. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपाताची शक्यता जास्त असते, त्यामुळे या संकेताला वैद्यकीय आधारही आहे. पण आनंदाच्या भरात सासूबाई दुसऱ्याच महिन्यात ग्रुपवर पेढ्याचा फोटो टाकतात. पुढे काही बिनसलं, तर त्याच साठ-सत्तर जणांना 'राहिलं नाही' हे सांगायचं कोणी? बहुतेक वेळा ते त्या बाईलाच, प्रत्येक समारंभात, एकेकीला सांगावं लागतं.

सोयरीक मोडली तरी तेच. साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर आले, मग स्टेटसला लागले. सोयरीक मोडल्यावर ते काढायचे कसे? मुलाच्या घरी त्याची चर्चा आठवडाभर चालते. मुलीच्या बाबतीत मात्र पुढचं स्थळ येण्याआधी 'आधीचं का मोडलं' हा प्रश्न येऊन पोहोचतो.

आजारपण, कर्ज, नोकरी जाणं, घटस्फोट, व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणं, मुलाचे दहावी-बारावीचे गुण. या सगळ्यात एक नमुना दिसतो. बातमी एकाची असते आणि ती सांगायची की नाही हे दुसराच ठरवतो. सांगणारा सहसा वयानं किंवा नात्यानं मोठा असतो. ज्याची बातमी असते ती बहुधा सून, लेक, शाळकरी मुलगा किंवा अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असतं. म्हणजे ज्यांना घरात बोलायला सगळ्यात कमी जागा, त्यांच्याबद्दल ग्रुपवर सगळ्यात जास्त बोललं जातं.

जुन्या रीतीतही सुनेला कोणी विचारत नव्हतं, हे खरंच. तेव्हाही बातमीची मालकी कर्त्या माणसाकडेच होती. फरक इतकाच की तेव्हा चूक झाली तर ती चार घरांत राहायची आणि विसरली जायची. आता ती शंभर फोनमध्ये साठून राहते.

बातमी बाहेर गेल्यानं आर्थिक नुकसानही होतं का?

होतं. घरातल्या बातम्या आणि त्या सांगण्याच्या पद्धती भामट्यांनाही कळल्या आहेत.

लग्नपत्रिकेचंच उदाहरण घ्या. पूर्वी अक्षता लावून घरी आणून दिली जाणारी पत्रिका आता फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. 'समक्ष भेटीत राहून गेलं, हेच आमंत्रण समजावं' ही ओळ सगळ्यांनाच पाठ झाली आहे. याचाच फायदा घेऊन पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवण्याचा प्रकार सुरू झाला. ही फाइल उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसतं आणि बँकेच्या ओटीपीसह माहिती चोरांच्या हाती लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यातून अशाच एका पत्रिकेमुळे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेल्याची बातमी होती.

पत्रिका न उघडण्याचा धीर माणसाला होत नाही, कारण न गेल्यास रुसवा. हीच या फसवणुकीची ताकद आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असू शकते, पण फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरा प्रकार जुनाच आहे. 'सगळे मिळून तिरुपतीला निघालो' असं स्टेटस म्हणजे घराला कुलूप असल्याची जाहिरात. सुट्ट्यांच्या काळात पोलीस याबद्दल वारंवार सावध करतात. तिसरा प्रकार 'तुमच्या मुलाचा अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा' हा. मुलाचं नाव, शहर, कॉलेज हे भामट्याला आधीच माहीत असेल तर आई-वडिलांचा विश्वास पटकन बसतो, आणि हे तपशील बहुतेकदा अभिनंदनाच्या पोस्टमध्येच असतात. अशी आर्थिक फसवणूक झाली तर जितक्या लवकर १९३० या हेल्पलाइनवर तक्रार होईल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

पण या कायद्याच्या कलम ३ मध्येच एक सूट आहे. एखाद्या व्यक्तीनं 'वैयक्तिक किंवा घरगुती' कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. शिवाय, जी माहिती व्यक्तीनं स्वतःच सार्वजनिक केली आहे, तिलाही संरक्षण नाही. म्हणजे काकांनी तुमचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला, तर या कायद्याखाली दाद मागता येणं कठीण आहे. सरकारनं घराच्या उंबरठ्याच्या आत यायचं टाळलं आहे आणि त्याला कारणही आहे. प्रत्येक कौटुंबिक फोटोसाठी लेखी संमती घ्यावी लागली तर जगणंच अवघड होईल.

तरी काही बातम्या अशा आहेत जिथे 'घरातली गोष्ट' हे कारण चालत नाही.

- गर्भाचं लिंग. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार गर्भ मुलाचा की मुलीचा हे गरोदर स्त्रीला, तिच्या नातेवाइकांना किंवा कोणालाही सांगण्यावर बंदी आहे. परदेशातल्या भावंडांच्या 'जेंडर रिव्हील' व्हिडिओंमुळे हे आता ग्रुपवर सहज दिसतं. मे २०२४ मध्ये चेन्नईतल्या एका यूट्यूबरनं दुबईत तपासणी करून असा व्हिडिओ टाकला, तेव्हा तमिळनाडूच्या आरोग्य विभागानं त्याला नोटीस पाठवली होती.
- एचआयव्ही. २०१७ च्या कायद्यानुसार विश्वासानं सांगितलेली एचआयव्हीबद्दलची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही.
- लैंगिक अत्याचार. पीडितेची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग ग्रुपवर कोणी काही आक्षेपार्ह टाकलं तर अ‍ॅडमिन असलेल्या काकांचं काय? याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये दिलं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात ग्रुपमधल्या सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली होती आणि अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. संगनमत किंवा तसा समान हेतू दिसत नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या मेसेजची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

युरोपात चित्र थोडं वेगळं आहे. तिथल्या डेटा कायद्यातही घरगुती वापराला सूट आहे. पण २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या एका न्यायालयासमोर एका आजीचं प्रकरण आलं. तिनं नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवर टाकले होते आणि मुलीनं अनेकदा सांगूनही ती ते काढत नव्हती. न्यायालयानं फोटो काढायला सांगितलं, न काढल्यास दिवसाला ५० युरो दंड. फोटो अनोळखी लोकांपर्यंत पोहोचू शकतात, तेव्हा तो वापर निव्वळ घरगुती राहत नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे आजीला कोर्टात नेण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. पण एका घरातलं भांडण तिथवर गेलं, कारण आईचं 'नको' कोणी ऐकलं नाही. हे मात्र आपल्याही घरांना ओळखीचं आहे.

मग कोणाला काही सांगायचंच नाही का?

असा निष्कर्ष काढणंही चुकीचं आणि काही वेळा घातक आहे.

ग्रुपवरच्या एका मेसेजनं रक्तदाते मिळतात, ऑपरेशनसाठी पैसे उभे राहतात, मुंबईच्या दवाखान्यात डबा पोहोचवणारी मावशी सापडते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या तब्येतीची खबर ठेवणारी यंत्रणा अनेक घरांत हीच आहे.

उलट, 'घरातली गोष्ट घरातच राहू दे' या वाक्याखाली बरंच काही दडपलं जातं. मारहाण, हुंड्याचा छळ, बालविवाह. बालविवाह थांबवण्यासाठी तर बातमी बाहेर जाणंच गरजेचं असतं. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला नाव गुप्त ठेवून कळवता येतं आणि गावपातळीवर ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी दिलेली आहे. छळ होत असलेल्या महिलेसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

म्हणून लपवणं चांगलं की सांगणं चांगलं, असा हा प्रश्न नाही. सांगितल्यानं ज्याची बातमी आहे त्याला बळ मिळतंय की त्याचं तोंड बंद होतंय, हे पाहायला हवं. छळ सोसणारी सून मदतीसाठी मावशीला मेसेज करते, तेव्हा ती तिची बातमी ती स्वतः सांगत असते. तिच्या माहेरी निघून जाण्याची बातमी सासरचे ग्रुपवर टाकतात, तेव्हा नाही.

कुटुंबांना काय करता येईल?

कायदा उंबरठ्यावर थांबतो, त्यामुळे आतले नियम घरानंच ठरवायचे आहेत. त्यातले काही जुन्याच रीतीतून घेता येतात.

- आधी विचारा, मग टाका. ज्याची बातमी आहे त्याला 'ग्रुपवर सांगू का?' एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. आजारी माणूस शुद्धीवर असेल तर त्यालाही.
- ग्रुपआधी फोन. आजारपण, मृत्यू, लग्न ठरणं अशा बातम्यांसाठी ज्यांना आधी फोन जायलाच हवा अशा चार-पाच जणांची यादी ठरवून ठेवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची नावं सगळ्यात वर. हे फोन भावंडांनी वाटून घेतले तर एकावर भार येत नाही.
- लहान ग्रुप वेगळा. दवाखान्यातले तपशील, रिपोर्ट, पैशांचा हिशेब यासाठी सख्ख्यांचा छोटा ग्रुप करा. मोठ्या ग्रुपवर फक्त 'तब्येत स्थिर आहे, भेटायला कधी यायचं ते कळवू' एवढंच.
- पुढे पाठवायचं की नाही, ते लिहा. पोस्टकार्डाच्या फाडलेल्या कोपऱ्यासारखी खूण मेसेजलाही देता येते. 'ही बातमी आपल्यातच ठेवा' ही एक ओळ पुरते. बहुतेक लोक वाईट हेतूनं फॉरवर्ड करत नाहीत, त्यांना सांगितलेलं नसतं.
- सेटिंग वापरा. तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, हे २०१९ पासून ठरवता येतं. मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत आपोआप जातील अशी सोय आहे. चुकून टाकलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढता येतो. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या एका सेटिंगनं संपूर्ण चॅट बाहेर काढणं आणि फोटो आपोआप सेव्ह होणं रोखता येतं. स्क्रीनशॉट मात्र यातल्या कशानंही थांबत नाही.
- चूक झाली तर ग्रुपवर नको, घरी जा. बातमी परस्पर कळल्याचा राग मेसेजनं निवळत नाही. तो समोर बसूनच निवळतो.

सुरुवातीच्या प्रसंगाकडे परत जाऊया. मुलानं काही वाईट केलं नव्हतं. पहाटेची वेळ, एकटा माणूस, हातात फाइल आणि बिलाची चिंता. अशा वेळी एक ओळ टाइप करणंच त्याला जमण्यासारखं होतं. अक्कलकोटच्या आत्याबाईंनाही तपशील नको होते, ना रिपोर्टचा फोटो, ना औषधांची नावं. बटणांच्या त्या साध्या फोनवर ग्रुपवरच्या कोणीही, पुण्यातल्या भावानं किंवा घरातल्या नातवानं, एक फोन केला असता तरी चाललं असतं.

"आत्या, बाबांना दवाखान्यात आणलंय. घाबरू नका. तुम्हाला आधी सांगतोय." एवढंच.